अपयश आणि अपराध

बीडहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वडवणी हे तालुक्याचे गाव लागते. दसरा-दिवाळी उलटली की या परिसरातल्या वाड्या-वस्त्या ओस पडू लागतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, अशा हिशेबाने मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. गळीत हंगाम संपला की ती परत येतात. त्यामुळे लग्ने, बाप्तिस्मे, घरभरण्या असे सारे कार्यप्रसंग उन्हाळ्यात उरकले जातात. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका बाप्तिस्म्याच्या जेवणासाठी आम्ही वडवणीला गेलो होतो.

त्या दिवशी दोन गोष्टी आमच्या नजरेस आल्या. पहिली अशी की, यजमानांचा थोरला मुलगा पंक्तीत नव्हता. दहावीचा निकाल नुकताच लागला होता आणि तो गणितात नापास झाला होता. निकालानंतरच्या रविवारी तो मिस्सेलाही आला नव्हता. “तोंड दाखवायला जागा ठेवली नाही त्यानं,” असे त्याची आई वाढता वाढता म्हणाली. दुसरी गोष्ट अशी की, पंक्तीत मानाच्या जागी एक मुकादम बसले होते. सहा महिने ऊस तोडलेल्या दोन जोडप्यांना त्यांनी हिशेबात नाडले होते, ही गोष्ट जेवणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक होती. आम्हांलाही ती येता येता वाटेत समजली होती. कोणीतरी हलक्या आवाजात विषय काढला, तेव्हा दुसऱ्याने “धंद्यात असं चालायचंच” म्हणून तो मिटवला. आम्ही त्या गृहस्थांच्या शेजारीच बसून जेवलो आणि एक शब्द बोललो नाही.

जेवणानंतर घराच्या मागच्या बाजूला गेलो, तर तो मुलगा एकटाच भिंतीवर चेंडू मारीत होता आणि परत आलेला चेंडू हातांनी झेलीत होता. आईवडील फडावर असत तेव्हा तो बोर्डिंगात राहून शिकत असे. तेथे त्याला फुटबॉलचा नाद लागला आणि तो गोलरक्षक झाला. “पुढच्या वेळी पास होशील,” असे आम्ही म्हणालो. “सगळे तेच म्हणतात,” तो म्हणाला आणि पुन्हा चेंडू मारू लागला. त्याचे खरेच होते. आमच्या बोलण्यात सांत्वन नव्हते, केवळ उपचार होता. त्याच्या हातांतला चेंडू पाहून आम्हांला एका मोठ्या खेळाडूची कहाणी आठवली. ती त्याला त्या वेळी सांगता आली असती तर बरे झाले असते, असे परतीच्या वाटेवर फार वाटले.

तो खेळाडू म्हणजे ब्राझीलचा झिको. पूर्ण नाव आर्थर अंतुनीस कोइंब्रा, जन्म ३ मार्च १९५३, रिओ दी जानेरो शहराच्या क्विंतिनो या उपनगरातला. वडील पोर्तुगालमधून आलेले. अंगकाठी इतकी किरकोळ की फ्लामेंगो क्लबाने त्याला घेतले तेव्हा आधी त्याचे शरीर कमवावे लागले. लोक त्याला कौतुकाने ‘क्विंतिनोचा कोंबडा’ म्हणत. ज्या क्लबासाठी तो खेळला त्याचा आश्रयदाता संत म्हणजे संत ज्यूड, अर्थात निराश झालेल्यांचा कैवारी. १९८१ साली त्याच्या फ्लामेंगोने दक्षिण अमेरिकेचे क्लब विजेतेपद मिळवले आणि त्याच वर्षी १३ डिसेंबरला टोकियोत लिव्हरपूलला ३-० असे हरवले. ब्राझीलसाठी त्याने ७१ सामन्यांत ४८ गोल केले. १९७८, १९८२ आणि १९८६ असे तीन विश्वचषक तो खेळला. विश्वचषक मात्र त्याला एकदाही मिळाला नाही.

त्यांतला शेवटचा प्रसंग आमच्या विषयाच्या मुळाशी आहे. २१ जून १९८६, मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहर, ब्राझील आणि फ्रान्स यांच्यातील उपांत्यपूर्व सामना. १९८५ साली झालेल्या गुडघ्याच्या दुखापतीतून झिको पुरता सावरलेला नव्हता. म्हणून त्याला उत्तरार्धात बदली खेळाडू म्हणून उतरवले होते. बरोबरी १-१ अशी होती. मैदानात आल्यावर थोड्याच वेळात त्याने ब्रांकोला असा काही नेमका चेंडू दिला की फ्रान्सचा गोलरक्षक जोएल बात्स याला ब्रांकोला पाडण्यावाचून गत्यंतर उरले नाही. पेनल्टी मिळाली. झिकोने ती घेतली आणि बात्सने ती अडवली. आल्याआल्या, अंगात ऊब येण्यापूर्वी त्याने ती घ्यायलाच नको होती, असे म्हणणारे पुष्कळ निघाले. तेव्हापासून आजतागायत झिकोचे नाव निघाले की ती पेनल्टीही निघते.

लोक जे विसरतात ते पुढे आहे. सामना बरोबरीत सुटला आणि निकाल पेनल्टींवर गेला. ज्याने तासाभरापूर्वी साऱ्या देशाची आशा वाया घालवली होती, तो मनुष्य पुन्हा त्याच गोलरक्षकासमोर चेंडू ठेवायला गेला. कोणी नको म्हटले असते, तर त्याला दोष देता आला नसता. तो गेला आणि त्याने गोल केला. त्याने काय साधले? हिशेबाने पाहिले तर काहीच नाही. सोक्रातेसची पेनल्टी अडवली गेली, जुलियो सेझारची खांबाला लागली, फ्रान्सच्या प्लातिनीचीही वरून गेली, आणि अखेर ब्राझील ४-३ असा हरला. दुसऱ्या फटक्याने पहिला पुसला गेला नाही. तरीही आमच्या मते त्या दिवसातला सर्वांत थोर क्षण तो दुसरा फटकाच होता. त्याच्या थोरपणाचा निकालाशी काहीही संबंध नव्हता.

येथे एक प्रश्न उभा राहतो. झिकोच्या पहिल्या फटक्याला आपण नेमके काय म्हणावे? चूक म्हणावे, अपयश म्हणावे, की अपराध? ब्राझीलच्या लोकांनी यापूर्वी एकदा या प्रश्नाचे फार क्रूर उत्तर दिलेले होते. १६ जुलै १९५० रोजी रिओच्या माराकाना मैदानावर उरुग्वेच्या घिज्जियाने गोल करून ब्राझीलला २-१ असे हरवले. त्या गोलाचे खापर गोलरक्षक बार्बोझा याच्या माथी फुटले. तो २००० साली वारला. तोपर्यंत, म्हणजे जवळजवळ ५० वर्षे, तो दोषीच राहिला. ब्राझीलमध्ये कायद्याने सर्वांत मोठी शिक्षा ३० वर्षांची, पण आपली शिक्षा त्याहून लांबली, अशा अर्थाचे उद्गार त्याने म्हातारपणी काढले होते. त्याने चोरी केली नव्हती, कोणाला फसवले नव्हते. एक चेंडू त्याच्या हातून सुटला होता, एवढेच.

आता झिकोच्याच आयुष्यातली दुसरी घटना पाहा. ब्राझील सरकारात क्रीडाखाते सांभाळल्यावर, १९९१ साली तो जपानमधील काशिमा या लहानशा औद्योगिक गावी एका पोलाद कंपनीच्या संघात खेळायला गेला. तो संघ तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता. पुढे तोच काशिमा अँटलर्स या नावाने प्रसिद्धीस आला. १६ जानेवारी १९९४ रोजी व्हर्दी कावासाकी संघाविरुद्ध विजेतेपदाचा सामना चालू होता. पंचांनी विरुद्ध संघाला पेनल्टी दिली. रागाच्या भरात झिको पुढे गेला आणि फटक्यासाठी ठेवलेल्या चेंडूवर थुंकला. पंचांनी त्याला मैदानाबाहेर काढले, आणि ते योग्यच झाले.

या दोन प्रसंगांत केवढे अंतर आहे! १९८६ साली त्याच्या पायांनी दगा दिला, १९९४ साली त्याच्या इच्छेने. पहिल्यात त्याला गोल करायचा होता आणि झाला नाही. दुसऱ्यात त्याला अपमान करायचा होता आणि त्याने तो केला. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सारे शिकलो आहोत की, गंभीर पाप घडण्यास तीन गोष्टी लागतात : विषय गंभीर असावा, त्याची पूर्ण जाणीव असावी आणि मनाची पूर्ण संमती असावी. चुकलेल्या पेनल्टीला या कसोटीवर घासून पाहावे. ना जाणीव, ना संमती! थुंकण्याचा विषय फार गंभीर नसेलही, पण जाणीव आणि संमती दोन्ही तेथे होत्या. तरी जगाच्या स्मरणात काय राहिले? चुकलेली पेनल्टी राहिली. थुंकल्याचे जपानबाहेर फारच थोड्यांना ठाऊक आहे.

वडवणीच्या पंक्तीत आम्ही हेच पाहिले होते, हे आमच्या तेव्हा ध्यानात आले. नापास झालेल्या मुलाला आपण अपराध्यासारखे वागवतो आणि मजुराचा घामाचा पैसा दाबणाऱ्याला अपयशी माणसासारखे समजावून घेतो. पहिल्याला लाज देतो, दुसऱ्याला “चालायचंच” म्हणून धीर देतो. रोग दोन आहेत आणि औषधेही दोन आहेत. आपण औषधांची अदलाबदल करून बसलो आहोत.

कोणी म्हणेल, तो मुलगा अभ्यास न करता नापास झाला असेल, तर त्यात त्याचा दोष नाही काय? आहे. आळस हा दोषच आहे आणि त्याबद्दल त्याचे कान धरण्याचा अधिकार आईवडिलांना आहे. सहा महिने त्यांनी उसाच्या फडात हाडे झिजवली ती त्याच्यासाठीच. पण तो दोष निकालाच्या आधीचा होता, आणि पास झाला असता तरी तो तितकाच राहिला असता. आपण मात्र निकाल लागेपर्यंत गप्प राहतो. निकाल चांगला लागला की आळस विसरतो, वाईट लागला की मुलाला पंक्तीतून उठवतो. म्हणजे आपण शिक्षा करतो ती आळसाची नव्हे, हरण्याची.

मग अपयशाचे औषध कोणते? झिकोचे पुढचे आयुष्य याचे उत्तर देते, कारण खेळ थांबवल्यावर तो प्रशिक्षक झाला. प्रशिक्षकाचे काम विलक्षण आहे. त्याला स्वतः एकही फटका मारता येत नाही. फटके इतरांनी मारायचे, चुकायचेही इतरांनी, आणि चुकलेल्याला पुन्हा उभे करायचे ते मात्र त्याने. २००४ साली त्याच्या जपान संघाने आशियाई चषक जिंकला. त्या स्पर्धेत जॉर्डनविरुद्धच्या सामन्यात जपानच्या पहिल्या दोघांच्या पेनल्टी वाया गेल्या होत्या, तरी संघ सावरला आणि जिंकला. २००६ च्या विश्वचषकात त्याच संघाला ऑस्ट्रेलियाने शेवटच्या आठ-नऊ मिनिटांत तीन गोल करून हरवले. पुढे झिकोच्या स्वतःच्या देशाने, ब्राझीलने, त्या संघाला ४-१ असे नमवून घरी धाडले.

४ मार्च २००८ रोजी स्पेनमधील सेव्हिया शहरात झिकोचा तुर्की संघ फेनरबाचे खेळत होता. पहिल्या नऊ मिनिटांतच दोन गोल खावे लागले आणि दोन्ही वेळा गोलरक्षक वोल्कान देमिरेलचा दोष उघड दिसला. असा गोलरक्षक बदलून टाकण्याची इच्छा कोणालाही झाली असती. झिकोने त्याला मैदानावर ठेवले. सामना पेनल्टींपर्यंत गेला आणि त्याच वोल्कानने तीन पेनल्टी अडवून संघाला युरोपच्या उपांत्यपूर्व फेरीत नेले. स्वतःच्या चुकलेल्या पेनल्टीनंतर पुन्हा चेंडू ठेवायला गेलेल्या माणसाला हे जमले, याचे आम्हांला आश्चर्य वाटत नाही.

पुढे हा माणूस आपल्या शेजारी आला. २०१४ ते २०१६ या तीन हंगामांत झिको एफसी गोवा संघाचा प्रशिक्षक होता. २० डिसेंबर २०१५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर, घरच्या प्रेक्षकांसमोर, त्याचा संघ चेन्नईयिनविरुद्ध अंतिम सामना खेळत होता. ८७ व्या मिनिटाला गोव्याने २-१ अशी आघाडी घेतली. विजय हाताशी आला होता. ९० व्या मिनिटाला चेंडू अडवण्याच्या धडपडीत गोव्याचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी याच्याच हातून तो स्वतःच्या जाळ्यात गेला. पुढच्या दोन मिनिटांत तिसरा गोल झाला आणि गोवा ३-२ असा हरला. त्याच सामन्यात कट्टीमनीने पेनल्टी अडवली होती, याची आठवण मग कोण ठेवणार? पुढच्या हंगामात गोव्याचा संघ तक्त्यात शेवटचा आला आणि झिकोचे गोव्यातील पर्व संपले.

कट्टीमनीचे पर्व मात्र संपले नाही. त्याला कोणी बार्बोझा केले नाही. गोव्याने त्याला ठेवले, पुढे हैदराबाद संघाने त्याला घेतले. २० मार्च २०२२ रोजी पुन्हा अंतिम सामना होता आणि मैदानही तेच, फातोर्डाचे. केरळविरुद्ध बरोबरी झाली, निकाल पेनल्टींवर गेला आणि कट्टीमनीने तीन पेनल्टी अडवून हैदराबादला विजेतेपद मिळवून दिले.

ही गोष्ट इतकी गोड आहे की येथेच थांबण्याचा मोह होतो. पण थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या दिवशी त्याच्या हातून एकही पेनल्टी अडवली गेली नसती, तर? तर सहा वर्षे गोलपोस्टसमोर नित्य उभे राहण्याचे मोल कमी झाले असते काय? बार्बोझाला असा दिवस कधीच मिळाला नाही. झिकोलाही विश्वचषक मिळाला नाही. देव प्रत्येक अपयशाची भरपाई याच जगात करील, असे वचन आपल्याला कोणीही दिलेले नाही. क्रूसावरचा शुक्रवार पाहणाऱ्यांना तर तो निव्वळ पराभवच दिसला होता. म्हणून अपयशाचे औषध यश नव्हे. अपयशाचे औषध म्हणजे पंक्तीतली जागा. हरलेल्याला ‘तू आमचाच आहेस, ये, बस, आणि उद्या पुन्हा प्रयत्न कर’ असे सांगणारी माणसे त्याच्याभोवती असणे, एवढेच ते औषध आहे.

अपराधाचे औषध वेगळे आहे, आणि ते कडू आहे. जक्कयाच्या घरी प्रभू येशू जेवायला गेला, म्हणजे त्यालाही पंक्तीतून उठवले नाही. परंतु त्या जेवणाचा शेवट “चालायचंच” या शब्दाने झाला नाही. जक्कयाने उठून लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले. पापनिवेदनाला जाऊन क्षमा मिळाली तरी नेलेले परत देण्याचे कर्तव्य उरतेच, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. पेत्राचेही तसेच. त्याने तीन वेळा प्रभूला नाकारले, हे अपयश नव्हते, अपराधच होता. कोंबडा आरवल्यावर तो रडला. पुनरुत्थित प्रभूने त्या रात्रीचा विषय टाळला नाही. किनाऱ्यावर त्याला जेवू घातले, नंतर तीन वेळा प्रेमाविषयी विचारले, आणि प्रत्येक उत्तरानंतर मेंढरे त्याच्या हवाली केली. आधी न्याहारी, मग प्रश्न, आणि शेवटी जबाबदारी. काशिमाच्या लोकांनी आपल्या परीने असेच केले असे वाटते. झिकोला बाहेर काढणाऱ्या पंचांचा निर्णय राहिला, आणि झिकोही त्यांचाच राहिला. त्याच्या नावाने तेथे निष्ठा, प्रामाणिकपणा आणि आदर ही तीन तत्त्वे आजही सांगितली जातात. चेंडूवर थुंकलेल्या माणसाच्या नावे आदराचे तत्त्व सांगावे, यात विनोद नाही. जो चुकला तोच शिकवू शकतो, मात्र चूक चूक होती हे ज्याला समजले त्यानेच.

आता वडवणीविषयी दोन शब्द लिहून हे लांबलेले टिपण संपवतो. तो मुलगा जुलैतल्या पुरवणी परीक्षेला बसला. आम्ही त्याला पत्र लिहून झिकोची ही सारी हकिकत कळवली होती आणि परीक्षेच्या आदल्या रविवारी तो मिस्सेला आला, असे त्याच्या वडिलांनी कळवले. त्या परीक्षेचा निकाल आम्ही येथे मुद्दाम लिहीत नाही. वाचकांनीही तो विचारू नये.

उरले ते मुकादम. मुलाला पत्र लिहिणे सोपे होते, कारण त्यात आमचे काही जाणार नव्हते. भावाने अपराध केला तर आधी एकांतात जाऊन त्याच्याशी बोलावे, असे प्रभूने सांगितले आहे, आणि ते आम्ही अजून केलेले नाही. आपण यजमानांचे पाहुणे, आपल्याला काय अधिकार, अशी सबब आम्ही स्वतःला दिली. खरे कारण भीती हे आहे. त्या दोन जोडप्यांचा पैसा बुडाला तो एका माणसाच्या लोभामुळे, परंतु तो बुडालेलाच राहिला तर त्यात शेजारी बसून जेवणाऱ्या आमच्या मौनाचाही वाटा असेल. हे आमचे अपयश आहे, असे म्हणून मोकळे होता येत नाही. जाणीव होती, संमतीही होती.

दसऱ्याच्या सुमारास नव्या हंगामाची उचल वाटली जाईल आणि टोळ्या पुन्हा गाड्यांत बसतील. त्याआधी आम्हांला वडवणीला जायचे आहे.